हिपॉलिटाच्या बाजूनं: जुनी ‘वंडर वुमन’ पुन्हा वाचायला घेणाऱ्यांसाठी

ग्रीक पुराणातला महावीर हेराक्लीस याच्या बारा कामगिऱ्यांपैकी नववी कामगिरी अशी: लढवय्या ॲमेझॉन स्त्रियांची राणी हिपॉलिटा हिचा कमरपट्टा घेऊन यायचं. तो जातो, राणी मरते, कमरपट्टा मिळतो आणि गोष्ट दहाव्या कामगिरीकडे वळते. मेलेल्या राणीपाशी कुणी थांबत नाही. अमेरिकी कॉमिक्समध्ये मात्र दोन माणसं थांबली. १९४०च्या दशकात विल्यम मोल्टन मार्स्टन आणि १९८७ साली जॉर्ज पेरेझ. दोघांनीही विचारलं, ती मेलीच नसती तर? तिला मुलगी असती तर? ती मुलगी म्हणजे वंडर वुमन.

कर्णाच्या किंवा द्रौपदीच्या बाजूनं महाभारत वाचायची सवय मराठी वाचकाला आहे. ‘वंडर वुमन’चे जुने अंक वाचताना तीच सवय कामाला येते. तुम्ही हे अंक लहानपणी चाळले असतील, किंवा सिनेमा पाहून आता मूळ कॉमिक्सकडे यायचं ठरवलं असेल, तर पुढचा क्रम तुमच्यासाठी आहे. मी याच क्रमानं वाचलं. उलटसुलट वाचून काय होतं तेही आधी अनुभवलं होतं. मधलाच एक अंक हातात आला, त्यात देव होते, राक्षस होते, प्रत्येक जण दुसऱ्याला जुन्या वैराची आठवण करून देत होता आणि मला त्यातलं काहीच लागत नव्हतं.

१. सुरुवात १९८७पासून करा, १९४१पासून नको

वंडर वुमन पहिल्यांदा दिसली ती ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात, १९४१च्या अखेरीस. तिथून पुढे ४५ वर्षांत तिच्या गोष्टीवर इतके थर चढले की नवा वाचक त्यात हरवतोच. मधल्या एका टप्प्यात, १९६८ ते १९७३, तिच्या शक्तीही काढून घेतल्या होत्या आणि ॲमेझॉन स्त्रिया दुसऱ्याच मितीत निघून गेल्या होत्या. अखेर १९८६च्या सुरुवातीला जुनी मालिका ३२९व्या अंकावर थांबली आणि डीसी कंपनीनं पाटी कोरी केली. फेब्रुवारी १९८७ ही तारीख घेऊन नवा पहिला अंक आला. कथानक आणि चित्रं जॉर्ज पेरेझची, सुरुवातीच्या दोन अंकांना लेखनात ग्रेग पॉटरची साथ, मग संवादांसाठी लेन वाइन, आणि संपादक कॅरन बर्जर.

पेरेझनं २४व्या अंकापर्यंत चित्रं काढली आणि १९९२मध्ये आलेल्या ६२व्या अंकापर्यंत लेखन केलं. तुम्ही सगळं वाचायची गरज नाही. पहिले १४ अंक घ्या. त्यात एक मोठी गोष्ट पुरी होते.

२. खंड विकत घेण्याआधी अंकांचे आकडे बघा

याच अंकांचे संग्रह वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या वर्षी निघालेत. २००४मधल्या ‘गॉड्स अँड मॉर्टल्स’ या खंडात पहिले सात अंक आहेत. २०१६पासून निघालेल्या, पेरेझचं नाव शीर्षकात असलेल्या मालिकेच्या पहिल्या खंडात १४ अंक आहेत. त्याशिवाय २४ अंकांचा जाडजूड ऑम्निबसही आहे, पण तो मांडीवर घेऊन वाचणं हातांना जड जातं. मुखपृष्ठावरच्या नावावर जाऊ नका. मलपृष्ठावर किंवा आतल्या श्रेयपानावर ‘कुठल्या अंकापासून कुठल्या अंकापर्यंत’ हे छापलेलं असतं, ते वाचा. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याला त्या पानाचा फोटो मागा.

सुटे जुने अंक कुणाकडे मिळाले तर जरूर बघा, एखादा तरी. संग्रहात वाचकांची पत्रं आणि जाहिराती गाळलेल्या असतात. सुट्या अंकातली पत्रं वाचली की त्या वेळच्या वाचकाला काय खटकलं, काय आवडलं, हे त्याच्याच शब्दांत कळतं. रंगांचंही तसंच आहे. ते रंग खडबडीत वृत्तपत्री कागदावर शोषले जातील, फिके पडतील, हे धरून भरलेले होते. गुळगुळीत पांढऱ्या कागदावर तेच रंग भडक वाटतात. पहिली काही पानं डोळ्यांना टोचली तर दोष चित्रकाराचा मानू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. मुखपृष्ठावरचा महिना हा अंक विक्रीला आल्याचा महिना नसतो, तो दोन-तीन महिने पुढचा असतो. फेब्रुवारी १९८७चा अंक त्याआधीच दुकानात लागलेला होता. पुढे तुम्ही अंकांची सांगड त्या काळच्या घडामोडींशी घालाल तेव्हा हे ध्यानात असू द्या.

३. पहिल्या वाचनात पुराण बाजूला ठेवा

पहिला अंक हळू वाचा. पेरेझ एका पानात खूप चौकटी बसवतो आणि प्रत्येक चौकटीत मागे उभी असलेली माणसंही नीट काढतो. ऑलिम्पस हा देवांचा पर्वत त्यानं असा रेखाटलाय की जिने उलटे-सुलटे लागलेत, एकाची जमीन ती दुसऱ्याचं छत. देवांना वर-खाली नसतं, हे तो एकही वाक्य न लिहिता सांगतो. इंद्रजालच्या वेताळकथा झरझर वाचून संपवण्याची सवय असलेल्यांना इथे वेग कमी करावा लागेल. मी एका बैठकीत एकच अंक वाचायचा नियम केला, तो फार उपयोगी पडला.

पहिल्याच अंकात एवढं घडतं: आदिम काळात एका गर्भार स्त्रीला तिचाच पुरुष मारतो. हजारो वर्षांनी, इ. स. पू. १२००च्या सुमारास, पाच देवी ठरवतात की पुरुषांच्या हातून मेलेल्या स्त्रियांच्या आत्म्यांना नवा जन्म द्यायचा. आर्टेमिस, अथेना, ॲफ्रोडाइटी, डिमीटर आणि हेस्टिया या त्या पाच जणी. हे आत्मे धरणीमाता गेआनं आपल्या पोटात जपून ठेवलेले असतात. एका तळ्यातून ॲमेझॉन स्त्रिया वर येतात. सगळ्यात आधी येते हिपॉलिटा. त्या नगर वसवतात. हेराक्लीस येतो, फसवतो, नगर लुटतो. त्या साखळ्या तोडतात आणि समुद्रापलीकडच्या बेटावर जातात. कित्येक शतकांनी हिपॉलिटा मातीची मूर्ती घडवते आणि तिच्या न जन्मलेल्या लेकीचा आत्मा त्या मातीत येतो. ती डायना, म्हणजेच वंडर वुमन.

हे सगळं एका अंकात. पहिल्यांदा वाचताना नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. कुणावर अन्याय झाला आणि कोण गप्प बसलं, एवढं ध्यानात ठेवा. अशा रीतीनं सात अंक संपवा आणि मगच वही काढा.

४. दुसऱ्या वाचनाला वही घ्या, आणि कमरपट्ट्यापासून सुरुवात करा

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात ग्रीक कथेत काय आहे, दुसऱ्यात कॉमिक्समध्ये काय केलंय, तिसऱ्यात या बदलानं कुणाचं काय साधलं. तिसरा रकाना महत्त्वाचा. पुष्कळ वाचक ‘कॉमिक्सनं इथे चूक केली’ अशी यादी करतात आणि तिथेच थांबतात. पेरेझला मूळ कथा माहीत होत्या. बदल केला तो जाणूनबुजून.

ग्रीक कथांसाठी आधी अपॉलोडोरसच्या नावावर असलेला कथासंग्रह वाचा. त्याच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात नववा भाग कमरपट्ट्याचा आहे. जेम्स फ्रेझर यांचं १९२१चं इंग्रजी भाषांतर अमेरिकेच्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस ग्रंथालयात आणि थिओई या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. उतारा दहा मिनिटांत वाचून होतो.

वाचलात की एक गोष्ट तुम्हाला थांबवेल. त्या कथेत कमरपट्टा हवा असतो तो राजा युरिस्थियसच्या मुलीला, ॲडमिटीला. हेराक्लीसचं जहाज किनाऱ्याला लागतं, हिपॉलिटा स्वतः त्याला भेटायला येते, का आलास विचारते आणि कमरपट्टा द्यायचं कबूल करते. भांडणच नाही! मग देवांचा राजा झ्यूस याची बायको हेरा ॲमेझॉन स्त्रीचं रूप घेऊन अफवा पसरवते की परके लोक राणीला पळवून नेतायत. स्त्रिया घोड्यांवरून चालून येतात. हेराक्लीसला वाटतं आपला घात झाला, आणि तो हिपॉलिटाला मारून कमरपट्टा काढून घेतो. म्हणजे द्यायला तयार असलेली बाई मरते ती एका बाईच्या कपटामुळे, आणि मारणारा फक्त गैरसमजाचा बळी ठरतो.

आता पेरेझचं पान उघडा. हेराच्या अफवेचा पत्ता नाही. हेराक्लीसला चिथावतो तो युद्धाचा देव एरीस. हिपॉलिटा हेराक्लीसला आधी समोरासमोर हरवते, मग मैत्रीचा हात पुढे करते, मेजवानी देते, आणि मेजवानीत गुंगीचं औषध घातलेलं असतं. दोष जिथला तिथे ठेवला गेला. ती जिवंत राहते. साखळीतून सुटते. तिच्या हातातली कडी हे त्या बेड्यांचं स्मरण आहे, पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही म्हणून जपलेलं.

इथे पेरेझचा एक खोल बदल आहे आणि तो सहज निसटतो. ग्रीक परंपरेत ॲमेझॉन स्त्रिया एरीसच्या वंशातल्या, आणि तो कमरपट्टाही एरीसनंच हिपॉलिटाला दिलेला. म्हणजे त्यांची ताकद युद्धदेवाकडून आलेली. कॉमिक्समध्ये कमरपट्टा गेआचा होतो आणि एरीस त्यांचा शत्रू होतो. पुढे त्याच गेआच्या पट्ट्यातून देवांचा लोहार हेफेस्टस डायनाचा सोनेरी फास घडवतो. तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं: ‘शस्त्राचा मूळ मालक बदलला.’ एवढं एक वाक्य लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या, आणि त्यानंतर बाकीचे अंक उलगडत गेले.

फासाबद्दलही एक नोंद करा. मार्स्टनच्या काळात या फासात अडकलेल्याला धरणारीची आज्ञा पाळावीच लागे. पेरेझच्या अंकांत त्याचं मुख्य काम सत्य समोर आणणं हे आहे. सहाव्या अंकात डायना एरीसला हरवते ती याच ताकदीनं.

५. पँडोरा शोधा

डायनाच्या जन्माचं पान उघडा आणि शेजारी प्राचीन ग्रीक कवी हेसिअडचं ‘वर्क्स अँड डेज’ ठेवा. हेसिअडच्या कथेत झ्यूसला माणसांना शिक्षा करायची असते म्हणून हेफेस्टस माती आणि पाणी कालवून एक स्त्री घडवतो. अथेना तिला विणकाम शिकवते, ॲफ्रोडाइटी मोहकपणा आणि जीवघेणी ओढ देते, आणि देवांचा दूत हर्मीस तिच्यात निर्लज्ज मन आणि खोटेपणा भरतो. ती पँडोरा.

कॉमिक्समध्येही माती आहे, देवांची दानं आहेत, हर्मीससुद्धा आहे. पण घडवणारी आई आहे, शिक्षा द्यायला निघालेला देव नाही. डिमीटर बळ देते, ॲफ्रोडाइटी सौंदर्य आणि प्रेमळ हृदय, अथेना शहाणपण, आर्टेमिस शिकाऱ्याची नजर आणि प्राण्यांशी जवळीक, हेस्टिया अग्नीशी बहीणपण. आणि हर्मीस, ज्यानं पँडोराला खोटं बोलायला शिकवलं, तो डायनाला वेग आणि उडण्याची शक्ती देतो. पँडोराचं नाव कुठे येत नाही, पण सबंध पान तिला उत्तर दिल्यासारखं रचलंय. माझ्या मते पहिल्या सात अंकांतलं हे सर्वांत मोलाचं पान आहे.

मराठी घरात वाढलेल्याला इथे पार्वतीनं अंगाच्या मळापासून केलेला गणपती आठवणारच. आईनं एकटीनं घडवलेलं मूल ही कल्पना आपल्याला नवी नाही, त्यामुळे हे पान आपल्यापर्यंत लवकर पोचतं. स्त्रीराज्य हा शब्दही आपल्याकडे नाथांच्या कथांतून आलेला आहे. तिथे मात्र मच्छिंद्रनाथ त्या राज्यात अडकतात आणि गोरक्ष त्यांना सोडवून नेतो. स्त्रियांचं राज्य म्हणजे सुटका करून घ्यायची जागा. थेमिस्किरा (ॲमेझॉन स्त्रियांचं बेट) नेमकी उलटी, ती स्त्रियांनी सुटका करून घेऊन गाठलेली जागा आहे.

६. नावं तपासा: ग्रीक कुठली, रोमन कुठली

डायना हे रोमन देवतेचं नाव. आर्टेमिसचं रोमन रूप. मग ग्रीक हिपॉलिटाच्या ग्रीक बेटावर ते आलं कसं? मार्स्टननं याची फिकीर केली नव्हती. त्याच्या अंकांत ॲफ्रोडाइटी ग्रीक, तर तिचा शत्रू मार्स रोमन, आणि हर्क्युलिसही रोमन नावानंच. पेरेझनं सगळी नावं ग्रीक केली: मार्सचा एरीस झाला, हर्क्युलिसचा हेराक्लीस. नायिकेचं नाव मात्र बदलता येण्यासारखं नव्हतं. त्यानं त्या अडचणीतूनच एक गोष्ट काढली. बाहेरच्या जगातली एक वैमानिक स्त्री या बेटावर कोसळते आणि ॲमेझॉन स्त्रियांच्या बाजूनं लढताना मरते. ती डायना ट्रेव्हर, या कथांतला अमेरिकी वैमानिक स्टीव्ह ट्रेव्हर याची आई. राजकन्येचं नाव तिच्यावरून ठेवलं. हा उलगडा पुढच्या अंकांत होतो, म्हणून पहिल्या अंकात ‘डायना’ वाचल्यावर वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवा आणि पुढे जा.

भाषेकडेही बघा. अमेरिकेत पोचल्यावर डायनाला इंग्रजी येत नाही. हार्वर्डमधली प्राध्यापक जुलिया कापाटेलिस तिला बॉस्टनजवळच्या आपल्या घरी ठेवते आणि भाषा शिकवते. परक्या देशात जाऊन तिथली भाषा शून्यापासून शिकणं ज्यांनी अनुभवलंय, त्यांना हे प्रसंग झुंजींपेक्षा जास्त भावतील.

७. एरीसला १९८७मध्येच ठेवा

एरीसचा बेत आहे अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात अणुयुद्ध पेटवण्याचा. आजच्या वाचकाला हे जुनाट खलनायकी कारस्थान वाटू शकतं. तेव्हा ती रोजची भीती होती, दोन्ही देशांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याचा करार केला तो त्याच वर्षी ८ डिसेंबरला. सहाव्या अंकात डायना एरीसला फासात धरते आणि त्याला त्याच्याच विजयाचा शेवट दिसतो: सगळं जग जळून गेलंय, माणूस उरला नाही, म्हणजे त्याला पूजणारंही कुणी उरलं नाही. तो माघार घेतो. देवाला हरवलं ते सत्य दाखवून. होमरच्या ‘इलियड’मध्ये एरीस जखमी होऊन ओरडत ऑलिम्पसला पळतो आणि झ्यूस त्याला झिडकारतो. तो प्रसंग पाचव्या सर्गात आहे, आधी वाचून ठेवलात तर दोन्ही एरीस शेजारी ठेवून बघता येतील.

८. आठ ते चौदा: ‘नाही’ आणि ‘माफ केलं’

सातव्या अंकानंतर चाल मंदावते, आणि ते बरं आहे. मध्ये ‘मिलेनियम’ नावाच्या दुसऱ्या एका कथेचे धागे घुसतात. ती शोधत बसू नका, तेवढी पानं वाचून पुढे चला.

दहाव्या अंकात झ्यूसला डायना हवी असते. डॅनाई, युरोपा, लीडा, आयो अशी झ्यूसला हव्या झालेल्या स्त्रियांची यादी तुम्हाला आतापर्यंत माहीत झालेली असेल. डायना नाही म्हणते, आणि तिला त्याची शिक्षा म्हणून बेटाखालच्या अंधारात राक्षसांशी लढायला उतरावं लागतं. तिथेच हेराक्लीस सापडतो, दगड झालेला, शतकानुशतकं बेटाचा भार पेलत उभा. तो माफी मागतो आणि हिपॉलिटा माफ करते.

हा प्रसंग दोनदा वाचा. चित्रं अप्रतिम आहेत, हिपॉलिटाचा चेहरा विशेष. पण मला तिची माफी घाईची वाटते. ज्या बायका त्या रात्री बेड्यांत होत्या, त्या सगळ्यांच्या वतीनं एका राणीनं माफ करावं का, हा प्रश्न अंकात पुरेसा विचारला जात नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं. काहीही असलं तरी वहीत लिहून ठेवा, वर्षभरानं पुन्हा वाचताना ते बदललेलं दिसेल. माझं एकदा बदलून परत आलंय.

९. आता मागे जा

यानंतर मार्स्टनचे थोडे अंक वाचा. १९४२च्या ‘वंडर वुमन’चा पहिला अंक पुरे. मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता, खोटं बोलताना रक्तदाबात होणाऱ्या बदलांवर त्यानं काम केलं होतं आणि चार्ल्स मोल्टन या नावानं तो लिहीत असे. चित्रं एच. जी. पीटरची. कमरपट्ट्याची चोरी, बेड्या, ॲफ्रोडाइटीची कृपा हे सगळं तिथे आधीच आहे. पेरेझनं ते जपलं आणि वाढवलं.

मन तयार ठेवा. बांधून घालण्याची चित्रं पानोपानी आहेत. युद्धकाळातल्या त्या अंकांत जपानी आणि कृष्णवर्णीय माणसांची चित्रणं अपमानकारक आहेत. तो भाग तसाच आहे, तो आवडून घ्यायची गरज नाही. मुलांच्या हाती हे अंक देण्याआधी स्वतः वाचा. पेरेझच्या पहिल्या अंकातही हेराक्लीसच्या हल्ल्यात लैंगिक अत्याचार सूचित आहे, त्यामुळे तो तेरा-चौदा वर्षांखालच्या मुलांना मी देणार नाही.

१०. पुढचे अंक

मार्व्हलचा हर्क्युलिस १९६५मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी आणला, थॉरशी दोन हात करायला. त्याला इथे हिपॉलिटाचा कुठलाही हिशेब द्यावा लागत नाही, म्हणून वंडर वुमननंतरच वाचा, फरक ठळक दिसतो. कर्बीच्या १९७६मधल्या ‘इटर्नल्स’मध्ये झुरस म्हणजे झ्यूस, थेना म्हणजे अथेना, सर्सी म्हणजे जादूगारीण सर्की, मकारी म्हणजे मर्क्युरी, अशी नावं ओळखत जायचं. मूळ मालिका १९ अंकांची आहे. आणि १९४०चा कॅप्टन मार्व्हल (हा मार्व्हल कंपनीचा नव्हे), ज्याचा ‘शझाम’ हा मंत्र सहा नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांनी बनलाय: सॉलोमन, हर्क्युलिस, ॲटलास, झ्यूस, अकिलीस, मर्क्युरी. यातला एक ज्यू राजा आहे, आणि ग्रीक नावांमध्ये दोन रोमन मिसळलीत. तीन रकान्यांच्या वहीत त्या सहा नावांसाठी एक कोरं पान ठेवा.